आकृती सरकवली की बिघडते? खोडण्याआधी चुकलेलं चित्र वाचा

नववी-दहावीच्या शिकवणीत ही तक्रार दरवर्षी ठरलेली. आलेख कागदावर त्रिकोण काढला, तो ‘५ एकक उजवीकडे आणि ४ एकक खाली’ सरकवायचा होता, आणि तो भलतीकडेच जाऊन बसला. कधी जागा चुकते, कधी त्रिकोणाचा आकारच बदलतो. मग खोडरबर निघतो, सगळं खोडलं जातं, नव्यानं मांडलं जातं आणि पुन्हा तस्संच येतं. “मॅडम, माझा त्रिकोण वाकडा काहून येऊन राहिला?” मागून दुसरा पोट्टा ओरडतो, “माझा तर पानाच्या बाहेरच गेला!”

माझा पहिला नियम: खोडायचं नाही. आकृती कुठं आणि कशी चुकली आहे, त्यावरूनच नेमकी कोणती चूक झाली ते कळतं. खोडलं की तो पुरावा गेला. दुसऱ्यांदा करताना मूल तीच चूक त्याच जागी करतं, कारण त्याला ती चूक वाटतच नसते. उत्तर पुस्तकाशी जुळत नाही एवढंच त्याला दिसत असतं. घरी अभ्यास घेणाऱ्या आईबाबांनाही हेच सांगणं आहे की ‘चूक आहे, परत कर’ एवढं म्हणून भागत नाही.

आधी अक्ष पक्के

नागपूरच्या मुलांना अक्ष समजवायला मेट्रोचा नकाशा पुरतो. सीताबर्डी इंटरचेंजला दोन मार्ग एकमेकांना छेदतात. अ‍ॅक्वा लाइन लोकमान्य नगरहून प्रजापती नगरकडे जाते, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे. हा आपला एक्स-अक्ष. ऑरेंज लाइन खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाते, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे. हा वाय-अक्ष. बर्डी म्हणजे आरंभबिंदू (०, ०). पूर्वेकडे आणि उत्तरेकडे अधिक, पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे वजा. मार्गांना वळणं आहेत, स्टेशनांमधली अंतरंही सारखी नाहीत, ते सोडून द्या. आपल्याला फक्त स्टेशनं मोजायची आहेत.

स्थानांतरण म्हणजे आकृतीतल्या प्रत्येक बिंदूनं एकाच दिशेला, एकसारखंच अंतर सरकायचं. कुणी जास्त नाही, कुणी कमी नाही, कुणी वळायचं नाही. बाकी सगळं याच्यातूनच निघतं.

तपासणीचा त्रिकोण

चूक शोधायला कुठलाही त्रिकोण चालत नाही. पहिल्या चरणातला, सगळे निर्देशक धन असलेला त्रिकोण दिला तर निम्म्या चुका दिसतच नाहीत, कारण घोळ ऋण संख्यांत असतो. सगळे एक्स-निर्देशक ऋण असलेला त्रिकोण तर आणखी फसवा. समजा मूल −४ + ६ चं उत्तर −१० काढतं आणि −१ + ६ चं −७. मग प्रत्येक शिरोबिंदू ६ एकक डावीकडे जातो, आकार जसाच्या तसा राहतो, आणि आपल्याला वाटतं याला डावं-उजवं कळत नाही. प्रत्यक्षात त्याला दिशा नीट कळते, बेरीज येत नाही.

म्हणून दोन्ही अक्षांवरून आडवा पसरलेला त्रिकोण घ्यायचा. मी हा देते: पी (−३, −१), क्यू (१, −१), आर (१, २). काटकोन क्यूपाशी, बाजू ४, ३ आणि कर्ण ५. आकार बिघडला की लगेच दिसतो. हा ५ उजवीकडे आणि ४ खाली सरकवला की असं यायला हवं:

पी (−३, −१) → पी-डॅश (२, −५)
क्यू (१, −१) → क्यू-डॅश (६, −५)
आर (१, २) → आर-डॅश (६, −२)

मुलानं जे काही उत्तर काढलं असेल, त्याच्या शेजारी एक फरकाचा रकाना काढायला सांगा. नवीन वजा जुना, एक्सचा वेगळा, वायचा वेगळा. बरोबर उत्तरात तिन्ही ओळींत (+५, −४) येतं. चुकलेल्या उत्तरात काय येतं ते आता बघायचं.

त्रिकोणाचा आकारच बदलला

फरकाच्या रकान्यात तिन्ही ओळी सारख्या नाहीत, असा याचा अर्थ. म्हणजे सरकवण्याची कल्पना बहुधा ठीक आहे, एखाद्या शिरोबिंदूची आकडेमोड फसली आहे. कोणती ओळ वेगळी आहे ते बघा.

समजा फक्त पी चुकलाय आणि तो (−८, −५) आलाय. त्रिकोणाचा पाया ४ ऐवजी १४ झाला, पान आडवं पुरत नाही. क्यू आणि आर नीट बसले, कारण त्यांचा एक्स १ होता. पीचा −३ होता. मुलानं ३ आणि ५ मिळवले आणि पुढं वजा लावला. पण पी (−२, −५) आला असेल तर गोष्ट वेगळी आहे. इथं मुलानं ५ मधून ३ बरोबर वजा केले, चिन्ह मात्र लहान संख्येचं लावलं. पहिल्याला अजून वजाबाकी करायची हेच कळलेलं नाही, दुसऱ्याचं फक्त चिन्ह चुकतं. दोघांना एकच भाषण देऊन उपयोग नाही. फरकाचा रकाना दोघांना वेगळं करतो: पहिल्याचा फरक −५ येतो, दुसऱ्याचा +१.

त्याहून जास्त सापडणारी चूक वाय-निर्देशकात असते. −१ − ४ किती? शिकवणीत येणाऱ्या बऱ्याच मुलांचं उत्तर तयार असतं: “मायनस मायनस प्लस, म्हणून ५.” हा नियम गुणाकाराचा. त्यांनी तो बेरीज-वजाबाकीला चिकटवलेला असतो, आणि इतका घोकलेला असतो की शंकाही येत नाही. मग पी (२, ५) वर जातो, क्यू (६, ५) वर, आणि आर मात्र २ − ४ करून बरोबर (६, −२) वर. चित्र काढून बघा. काटकोन वरच्या बाजूला गेलाय, उभी बाजू ३ ऐवजी ७ झालीय आणि त्रिकोण डोक्यावर उभा आहे. फरकाच्या रकान्यात वायचे आकडे +६, +६, −४ असे दिसतात. ज्यांचा वाय आधीच ऋण होता तेवढेच दोन बिंदू बिघडले. ही खूण दिसली की दुसरीकडे शोधायची गरज नाही.

इथं नियम बदलून सांगितला तर मुलं तोही घोकतात. त्यापेक्षा मेट्रोत बसवा. बर्डीहून दक्षिणेकडे काँग्रेस नगर हे −१. तिथून आणखी चार स्टेशनं खापरीकडे जायचं: रहाटे कॉलनी −२, अजनी चौक −३, छत्रपती चौक −४, जयप्रकाश नगर −५. ‘प्लस ५’ म्हणणाऱ्याला विचारा, बर्डीच्या उत्तरेला पाचवं स्टेशन कोणतं? झिरो माइल, कस्तुरचंद पार्क, गड्डीगोदाम, कडबी चौक, इंदोरा. खापरीकडे जाणाऱ्या गाडीत बसून इंदोऱ्याला कसा उतरला? एवढ्यावर बहुतेक जण हसतात आणि −५ लिहितात. नंतर महिनाभरानं पुन्हा ५ लिहिणारेही असतात. त्यांना परत एकदा ‘इंदोरा’ म्हटलं तरी पुरतं.

कधी फक्त शेवटचा शिरोबिंदू न सरकवताच सोडलेला असतो. त्याचा फरक (०, ०) येतो. ही घाई, त्याला उपाय नाही.

आकार ठीक, पण जागा चुकली

तिन्ही फरक सारखे, पण (+५, −४) नाहीत. आता शिरोबिंदू बघायचेच नाहीत. सगळ्यांना लावलेलं सरकणंच चुकीचं आहे, आणि किती चुकलंय त्यावरून कारण कळतं.

फरक (−४, +५) आला तर आकड्यांची अदलाबदल झालीय. प्रश्नात ‘४ एकक खाली आणि ५ एकक उजवीकडे’ असं लिहिलेलं असलं की हे हमखास होतं. मूल वाक्यात जो आकडा आधी दिसला तो एक्सला लावतं. उपाय साधा आहे. प्रश्न वाचल्या वाचल्या कोपऱ्यात लिहायचं: एक्स + ५, वाय − ४. हे लिहून होईपर्यंत शिरोबिंदूंना हात लावायचा नाही.

फरक (−५, +४) आला तर चिन्हं उलटी आहेत. एक तर ‘उजवीकडे’ आणि ‘डावीकडे’ यांत गडबड झाली, नाहीतर मुलानं जुना वजा नवीन असा फरक काढलाय. दुसरं असेल तर उत्तर बरोबर असतं आणि तपासणी चुकलेली असते. आधी तेवढं बघून घ्या, नाहीतर बरोबर सोडवलेलं गणित खोडलं जातं.

फरक (+४, −३), म्हणजे दोन्हीकडे एक-एक कमी. हे आकडेमोड न करता चौकटी मोजून सरकवणाऱ्यांचं असतं. ज्या बिंदूवर उभे आहोत तोच ‘एक’ म्हणून मोजला जातो. बर्डीला गाडीत बसून ‘तिसऱ्या स्टेशनला उतर’ म्हटलं तर कुणी बर्डीला एक म्हणत नाही, काँग्रेस नगरला म्हणतात. मोजायच्या त्या मधल्या उड्या, बिंदू नाहीत. पेन्सिलनं प्रत्येक उडीची छोटी कमान काढायला लावली की हे सुटतं.

फरक (+९, −७) आला की मला गंमत वाटते, कारण हे मूल अगदी विचार करून चुकलेलं असतं. ‘५ उजवीकडे’ म्हणजे जुन्या आणि नव्या त्रिकोणाच्या मध्ये ५ एकक मोकळी जागा, अशी त्याची समजूत. जुन्याची उजवी कड एक्स = १ वर, म्हणून नव्याची डावी कड ६ वर. पी −३ वरून ६ वर गेला, फरक ९. खालीही तसंच, जुन्याचा तळ −१ वर, त्याखाली ४ सोडून नव्याचं टोक −५ वर. आर २ वरून −५ वर, फरक −७. जास्तीचे आकडे बघा: ४ आणि ३. तीच त्रिकोणाची रुंदी आणि उंची. फरकातला जादा भाग आकृतीच्या मापाएवढा असला की हेच कारण. अशा मुलाला आकृती विसरायला सांगा आणि फक्त पी सरकवायला द्या. एका बिंदूला रुंदी नसते, त्यामुळे मोकळी जागा सोडायचा प्रश्नच येत नाही. मग क्यू, मग आर.

याच मुलांना आणखी एक भीती असते, जुनी आणि नवी आकृती एकमेकींवर चढली तर काहीतरी चुकलं अशी. चुकलेलं नसतं. आपला त्रिकोण १ उजवीकडे आणि १ वर सरकवला तर दोन्ही एकमेकांत घुसणारच.

फरक दुप्पट दिसला तर प्रश्न परत वाचा. ‘सरकवल्यानंतर बिंदू (२, −५) वर आला, तर मूळ बिंदू कोणता?’ अशा प्रश्नात मूल सवयीनं पुन्हा पुढंच सरकवतं आणि (७, −९) लिहितं. मूळ बिंदू शोधायचा तर मागं यायचं, एक्समधून ५ वजा, वायमध्ये ४ अधिक, म्हणजे (−३, −१).

सगळ्या बाजू जुळतात, तरी चूक

हा प्रकार शिक्षकांच्याही नजरेतून सुटतो. त्रिकोणाच्या बाजू ४, ३, ५, काटकोन जागेवर, कागदावर सगळं छान दिसतं, पण उत्तर चुकलंय. कारण निर्देशक बरोबर काढले आणि कागदावर मांडताना एक्स-वाय उलटे घेतले. (२, −५) ऐवजी (−५, २), (६, −५) ऐवजी (−५, ६), (६, −२) ऐवजी (−२, ६). बाजू मोजून हे पकडता येत नाही, कारण लांबी बदललेलीच नाही.

पकडायचं असं: पी, क्यू, आर या क्रमानं बोट फिरवा. मूळ त्रिकोणावर बोट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरतं. नव्या त्रिकोणावरही तसंच फिरायला हवं. या चुकलेल्या त्रिकोणावर ते पी-डॅशवरून वर, मग उजवीकडे, म्हणजे काट्यांच्या दिशेनं फिरतं. आकृती आरशात पडावी तशी पलटली आहे. नुसतं सरकवल्यानं हे कधीच होत नाही. फिरण्याची दिशा बदलली की मांडणीच तपासा, आकडेमोड नाही. वहीतला फरकाचा रकाना इथं (+५, −४) असाच दाखवत असतो, बिघाड फक्त चित्रात असतो.

मोबाइलमुळे या चुकीला अलीकडे नवं खाद्य मिळालंय. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये नागपूरचं स्थान साधारण २१.१५, ७९.०९ असं दिसतं. यातला पहिला आकडा अक्षांशाचा, म्हणजे उत्तरेकडचा, आणि दुसरा रेखांशाचा, म्हणजे पूर्वेकडचा. आलेखाच्या भाषेत हे आधी वाय आणि मग एक्स झालं. वर्गात मुलांकडून हे आकडे अदलाबदल करून शोधून घ्या. ७९.०९ उत्तर, २१.१५ पूर्व म्हणजे नॉर्वेच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला, आर्क्टिक महासागरातल्या स्वालबार्ड बेटांचा परिसर. नागपूरच्या उन्हातून थेट बर्फात. ‘आधी आडवं, मग उभं’ हे त्यानंतर फारसं सांगावं लागत नाही.

आडवं बरोबर, उभं चूक

प्रमाण बघा, आलेखाच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. एक्स-अक्षावर १ सेमी = १ एकक आणि वाय-अक्षावर १ सेमी = २ एकक असेल, तर ४ एकक खाली म्हणजे २ सेमी. चौकटी मोजून ४ सेमी खाली गेलेलं मूल ८ एकक खाली जातं. लिहिलेलं प्रमाण नसेल तर आधी ते लिहायला लावा. बस.

आकडे न वापरता तपासणी

परीक्षेत फरकाचा रकाना काढायला वेळ नसतो. तेव्हा दोन्ही अक्षांचं प्रमाण १ सेमी = १ एकक असेल तर पट्टी पुरते. पी ते पी-डॅश, क्यू ते क्यू-डॅश, आर ते आर-डॅश अशा तीन रेषा हलक्या हातानं काढा. तिन्ही समांतर आणि सारख्या लांबीच्या हव्यात. आपल्या उदाहरणात प्रत्येकीची लांबी २५ अधिक १६ चं वर्गमूळ, म्हणजे √४१, साधारण ६.४ सेमी. कर्कटकात एकदा ६.४ सेमी अंतर धरलं की तिन्ही रेषा चटकन तपासून होतात. समांतर आहेत का ते गुण्या पट्टीच्या कडेनं सरकवून बघा. एक रेषा जरी वेगळ्या कलानं गेली तरी तोच शिरोबिंदू चुकलाय.

लहान वर्गांसाठी बर्डीवर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा ट्रेसिंग पेपर त्याहून सोपा. जुना त्रिकोण त्यावर गिरवा आणि कागद सरकवून नव्यावर ठेवा. एक मात्र करा, ट्रेसिंग पेपरवर एक्स-अक्षाला समांतर एक लांब रेषाही गिरवून घ्या आणि सरकवताना ती आडव्या रेघांशी जुळती ठेवा. नाहीतर मुलं नकळत कागद थोडा फिरवतात आणि फिरवलेला त्रिकोणही ‘बसला’ म्हणून सांगतात.

दहावीत हे कुठं लागतं?

राज्य मंडळाच्या दहावीच्या भूमितीत ‘स्थानांतरण’ असा वेगळा धडा नाही, म्हणून काही पालक विचारतात की यावर वेळ का घालवायचा. निर्देशक भूमितीतला समांतरभुज चौकोनाच्या चौथ्या शिरोबिंदूचा प्रश्न घ्या. ए (१, २), बी (४, ३), सी (६, ६), तर डी कोणता? मुलं कर्णांचे मध्यबिंदू काढून दोन समीकरणं मांडतात. पद्धत बरोबर आहे, लांब आहे. त्याऐवजी बघा: बीवरून सीवर जाताना एक्स २ ने वाढला आणि वाय ३ ने. समोरासमोरच्या बाजू समांतर आणि समान, म्हणून एवरून डीवर जातानाही तेवढंच. डी = (३, ५). पेपरात पायऱ्यांना गुण असतात म्हणून मध्यबिंदूची रीत लिहा, पण उत्तर ताडून बघायला ही एक ओळ पुरते.

इथं हमखास होणारी गडबड शिरोबिंदूंच्या क्रमाची. चौकोन एबीसीडी असेल तर डी हा एच्या शेजारी आणि बीच्या समोर येतो. घाईत एवरून बीवर जाणारी सरक सीला लावली की (९, ७) येतं. तोही एका समांतरभुज चौकोनाचा शिरोबिंदू आहे, पण त्या चौकोनाचं नाव एबीडीसी.

अकरावीत चिन्ह उलटं का होतं?

दहावीपर्यंत नीट सरकवणारी मुलंही अकरावीत इथं अडखळतात. वाय = एक्सचा वर्ग हा वक्र ३ उजवीकडे सरकवायचा, तर समीकरणात (एक्स − ३) चा वर्ग येतो. उजवीकडे जाताना वजा? मुलं पुस्तकातली छपाईची चूक समजतात. नियम पाठ करण्याआधी एक बिंदू घालून बघा. जुन्या वक्राचं सर्वांत खालचं टोक एक्स = ० वर होतं. नवं टोक ३ वर हवं. म्हणजे ३ घातल्यावर कंस शून्य झाला पाहिजे. (एक्स − ३) तेच करतो. (एक्स + ३) घेतला तर टोक −३ वर जातं, डावीकडे. बिंदू सरकवताना आपण निर्देशकात मिळवतो. समीकरणात मात्र नवा बिंदू घालून जुन्या जागी परत यायचं असतं, म्हणून वजा.

वर्तुळात हे आणखी सोपं. केंद्र (२, −१), त्रिज्या ३. फक्त केंद्र सरकवा, ५ उजवीकडे आणि ४ खाली, तर नवं केंद्र (७, −५). समीकरण: (एक्स − ७) चा वर्ग + (वाय + ५) चा वर्ग = ९. त्रिज्या बदलायचं काही कारणच नाही, तरी ९ चा दुसराच काही आकडा करणारे भेटतात.

रेषेच्या बाबतीत एक खोटी धोक्याची घंटा आहे. २एक्स + वाय = ४ ही रेषा ३ उजवीकडे सरकवली की २एक्स + वाय = १० येते. (२, ०) जुन्या रेषेवर, (५, ०) नव्या रेषेवर, जुळलं. पण तीच रेषा १ उजवीकडे आणि २ खाली सरकवा. समीकरण परत २एक्स + वाय = ४ च येतं. मूल तेच गणित तीन-तीनदा तपासतं. त्यात काही चुकलेलं नसतं. रेषेचा चढ −२ आहे, म्हणजे १ उजवीकडे आणि २ खाली ही तिचीच दिशा, ती स्वतःवरूनच सरकली.

‘आरंभबिंदू सरकवणे’ हा अकरावीतला भाग तर मुलं आकृती सरकवणं समजून सोडवतात. आरंभबिंदू (३, २) वर नेला तर (५, ६) या बिंदूचे नवे निर्देशक (२, ४), (८, ८) नाहीत. इथं बिंदू जागचा हललेला नाही, अक्ष हलले. बर्डीऐवजी अजनी चौकाला शून्य म्हटलं तर जयप्रकाश नगर −५ चं −२ होतं, स्टेशन मात्र आहे तिथंच राहतं.

पडद्यावर खाली म्हटलं की वर का जातं?

संगणकावर आकृत्या काढणाऱ्या मुलांसाठी एवढंच. स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनात आरंभबिंदू मधोमध असतो, आडवं −२४० ते २४० आणि उभं −१८० ते १८०, आणि वाय वर वाढतो, म्हणजे आलेख कागदासारखंच. वेबपानावरच्या कॅनव्हासमध्ये, म्हणजे चित्र काढायच्या चौकटीत, आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि वाय खाली वाढतो. तिथं ‘४ खाली’ साठी वायमध्ये ४ मिळवायचे. सवयीनं वजा केले तर त्रिकोण वर सरकतो, आणि आधीच वरच्या कडेजवळ असेल तर दिसेनासा होतो. त्रिकोण गायब झाला म्हणून प्रोग्रॅममध्ये दुसरीकडे शोधण्याआधी वायचं ते एक चिन्ह बघून घ्या.